मासळी आणि दप्तर : पोर्तुगालची दुसरी फेरी

परदेशाची पहिली सफर बहुधा त्या देशाने स्वतःविषयी जे दाखवावयाचे ठरविलेले असते तेच पाहण्यात खर्ची पडते; आणि पोर्तुगालने तर आपल्या पराक्रमाची स्मारके लिस्बनमध्ये तेजू नदीच्या काठी अशी ओळीने उभी केली आहेत, की पाहुण्याला इकडेतिकडे मान वळविण्याची सवडच मिळू नये. बेलेंचा बुरूज, १५०१ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला तो जेरोनिमुश मठ, त्या मठाच्या देवळात विसावलेल्या वास्को द गामा आणि महाकवी कामोइंश यांच्या समाध्या, सागरी मोहिमांच्या गौरवार्थ १९६० साली दगडात पक्के केलेले ते प्रचंड गलबताकृती स्मारक, हे सारे पहिल्या खेपेस यथासांग पाहून झाले होते, आणि खरे सांगायचे तर पाहता पाहता मन थोडे आंबलेही होते. कारण ज्या मोहिमांची ती स्मारके, त्यांच्या वाटेवर आमचा किनारा पडत होता. दुसऱ्यांदा जाण्याचा योग आला तेव्हा हाताशी वेळ थोडा होता. थोड्या वेळाचा एक गुण असा, की त्यात निवड करावीच लागते. रत्नागिरीच्या माणसाने पोर्तुगालात जाऊन नेमके काय पाहावे, याचा विचार करताना शेवटी दोनच गोष्टी उरल्या : तिथली मासळी आणि तिथले दप्तर.

देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. लोकवस्ती एक कोटीच्या थोडी वर. उत्तरेला आणि पूर्वेला स्पेन, पश्चिमेला आणि दक्षिणेला अटलांटिक महासागर. कोकणाप्रमाणेच या मुलखाचे तोंड मावळतीकडे आहे, आणि सूर्य समुद्रात बुडताना पाहण्याची सवय असलेल्या माणसाला तिथे दिशाभूल अशी होत नाही. ऋतूंचे गणित मात्र नेमके उलटे : पाऊस हिवाळ्यात, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. आपल्याकडे ज्या महिन्यांत नाखवे होड्या वर ओढून, त्यांच्यावर झापांचे छप्पर घालून, पावसाकडे पाहत बसतात, त्याच महिन्यांत तिथे मासेमारीचा भर असतो.

या देशाशी आमच्या जिल्ह्याची ओळख झाली ती काही स्नेहाने नव्हे. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरात यांच्या संयुक्त आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मैदा याचा मुलगा लोरेन्सु मारला गेला, आणि त्या मृत्यूचा सूड उगविण्यासाठी दीवकडे निघालेल्या बापाने वाटेतच, त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरीस, वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ बंदर लुटून, कापून, जाळून टाकले. दाभोळ त्या वेळी आदिलशाहीचे भरभराटलेले बंदर होते. त्याच्या आधीच्या शतकात आलेल्या अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्यानेही आपल्या वृत्तांतात त्याची नोंद घेतली आहे. दाभोळवर जशी फिरंग्यांची वक्रदृष्टी पडली तशी तुझ्यावर पडो, अशा आशयाचा शाप पुढे लोकांच्या तोंडी बसला, असे जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. आज दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे धोपाव्याला उतरणाऱ्या प्रवाशाला यातले काही जाणवण्याचे कारण नाही. (गेल्या शतकाच्या शेवटी दाभोळचे नाव पुन्हा एकदा जगभर गाजले ते वीजप्रकल्पाच्या पायी; आणि तो प्रकल्प तर खाडीच्या दुसऱ्या तीरावर, गुहागर तालुक्यात. या बंदराच्या नशिबी कीर्तीही परभारेच यायची!)

त्यानंतर तीस वर्षांनी याच किनाऱ्याने एक निराळा पोर्तुगीज गेला. जोआंव द काश्त्रू हे त्याचे नाव. पेद्रु नुनिश या त्या काळच्या थोर गणितज्ञाचा तो शिष्य, लढवय्या तर होताच, पण त्याहून अधिक तो निरीक्षक होता. १५३८ च्या अखेरीस गोव्याहून दीवकडे निघालेल्या आरमाराबरोबर तो निघाला आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक खाडीच्या मुखाशी पाण्याची खोली किती, तळ वाळूचा की खडकाचा, आत शिरताना कोणती टेकडी कोणत्या बाजूस धरावी, भरतीचे पाणी किती चढते, याची टिपणे त्याने केली, बंदरांचे नकाशे काढले. त्या मार्गदर्शिकेत आमच्या किनाऱ्यावरच्या खाड्या आहेत, दाभोळ आहे. आणि ब्रिटिश अमदानीत १८८० साली रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर सिद्ध करणाऱ्यांना सोळाव्या शतकातील बंदरांची हकीकत सांगताना याच फिरंग्याच्या वहीचा आधार घ्यावा लागला. आमच्या तांडेलांना हे ज्ञान नव्हते असे मुळीच नाही. काश्त्रूने जे टिपले त्यातले पुष्कळसे त्याला इथल्याच वाटाड्यांनी सांगितले असणार. पण तांडेलाचे ज्ञान त्याच्या मुलापर्यंत पोहोचले आणि फिरंग्याचे ज्ञान दप्तरात पोहोचले, हा फरक लहान नाही.

या माणसाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. होकायंत्राची सुई ठिकठिकाणी खऱ्या उत्तरेपासून किती ढळते याची मोजणी करण्याचा त्याला नाद होता. वसईजवळ अशी मोजणी करीत असता सुई एकाएकी भलतीकडे वळते असे त्याच्या ध्यानात आले, जागा थोडी बदलली की वळण बदलते हेही दिसले, आणि त्याने अनुमान काढले की दोष यंत्राचा नसून जवळच्या खडकांचा असावा. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला आपण जांभ्याखालचा ‘काळवत्री’ म्हणून ओळखतो, लोहयुक्त आहे हे आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. परंतु खडकांच्या स्थानिक आकर्षणाचे हे निरीक्षण भूचुंबकत्वाच्या इतिहासात पहिल्या काही निरीक्षणांत गणले जाते, आणि ते घडले कोकणाच्या किनाऱ्यावर.

तेव्हा लिस्बनला दुसऱ्यांदा उतरल्यावर स्मारकांची वाट सोडून मी दप्तराच्या वाटेला लागलो. पोर्तुगालचा राष्ट्रीय दप्तरखाना ‘तोरे दु तोम्बु’ या नावाने ओळखला जातो. शहरातील साँ जोर्ज किल्ल्याच्या ज्या बुरुजात हे कागद शतकानुशतके होते त्या बुरुजाचे नाव संस्थेला कायमचे चिकटले. आजची इमारत विद्यापीठाच्या परिसरातील, १९९० ची, जाड भिंतींची आणि बाहेरून एखाद्या कोषागारासारखी करडी दिसणारी. मूळ बुरूज १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात कोसळला. तो दिवस ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा; सकाळची वेळ, देवळे माणसांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या. धरणीकंपाने छपरे खाली आली, मेणबत्त्यांनी आग लावली, आणि जीव वाचविण्यासाठी नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावलेल्यांवर समुद्राची लाट चालून आली. नदीकाठचा राजवाडा गेला, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा सारा हिशेब ठेवणाऱ्या ‘कासा द इंदिया’ या कचेरीचे दप्तर त्याबरोबर नष्ट झाले. बुरुजातले कागद मात्र वाचले. ते वाचविले मान्युएल द माया या दप्तरदाराने, जो पेशाने अभियंता होता आणि ज्याने तेव्हा वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती. ढिगाऱ्यातून उपसलेले कागद त्याने किल्ल्याच्या मोकळ्या पटांगणात लाकडी खोपट बांधून त्यात ठेवले आणि मग सवडीने त्यांची रवानगी एका मठात केली. लिस्बनचा जो मध्यभाग आज सरळ, काटकोनी रस्त्यांचा दिसतो, त्याच्या पुनर्रचनेचे आराखडेही याच म्हाताऱ्याच्या देखरेखीखाली तयार झाले; नाव मात्र मंत्री पोंबाल याचे झाले आणि पुतळाही त्याचाच उभा राहिला. माझ्या मते त्या शहरात एक पुतळा दप्तरदाराचा असावयास हवा होता.

या दप्तरखान्यात आणि गोव्याच्या पुराभिलेखागारात मिळून जी एक दस्तऐवजांची मालिका जपलेली आहे, तिचे नाव कोकणी माणसाला सहज आपले वाटावे असे आहे : ‘मान्सूनची पुस्तके’. लिस्बनहून जहाजे निघत ती आपल्याकडचा नैर्ऋत्य वारा साधून, आणि गोव्याहून परतत ती ईशान्य वारा धरून. म्हणून राजाची पत्रे आणि व्हाइसरॉयची उत्तरे वर्षाकाठी एकदाच, वाऱ्याच्या हुकमाने, ये-जा करीत. ती ज्या बाडांत बांधली गेली ती मान्सूनची पुस्तके. अठराव्या शतकात त्यातले काही खंड गोव्याहून लिस्बनला नेण्यात आले, बाकीचे गोव्यातच राहिले. या कागदांत राजकारण आहे, तहनामे आहेत, आंग्र्यांच्या आरमाराविषयीची गाऱ्हाणी आहेत, आणि आपल्याच समुद्रात आपल्याच गलबतांनी बाळगावयाच्या परवान्यांचा हिशेब आहे. कारण पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ जवळ नसलेले गलबत धरून जप्त करणे हा ते आपला हक्क समजत. मराठ्यांच्या इतिहासासाठी ही खाण खणून काढली ती गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी (१८९४–१९६९). गोव्याच्या दप्तरखान्याची धुरा त्यांनी तीन दशके वाहिली, आणि त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने काढला. शिवाजी महाराजांच्या बारदेशावरील स्वारीपासून १७३९ मधील चिमाजी अप्पांच्या वसईविजयापर्यंत आपण जे आपल्या बखरींतून ऐकत आलो, ते पराभूताच्या कचेरीतून कसे दिसत होते हे पाहावयाचे असेल तर त्या ग्रंथाला पर्याय नाही.

सोळाव्या शतकातील मोडलेल्या वळणाचे पोर्तुगीज अक्षर मला वाचता आले असा दावा मी करीत नाही. मोडी वाचणाऱ्याला त्याची थोडी कल्पना येईल. पुष्कळसे कागद आता संगणकावर छायाचित्ररूपाने खुले केलेले आहेत, तेव्हा निव्वळ पाहण्यासाठी तिकीट काढण्याची गरज राहिलेली नाही. पण ज्या वाचनालयात खिडकीशी बसून कोणी एक विद्यार्थिनी शांतपणे चौलच्या जकातीचे कागद चाळत असेल, तिथे तासभर बसून येण्याचे समाधान निराळे.

काश्त्रूच्या घराचा माग काढीत सिंत्र्याला जावयाचे तर लिस्बनच्या रोसिऊ स्थानकातून गाडी मिळते, आणि पाऊण तासाच्या आत धुक्याने भरलेल्या हिरव्या डोंगरात आणून सोडते. आंबोलीची आठवण व्हावी असे ते ठिकाण. तिथे ‘पेन्या वेर्द’ ही त्याची वाडी. ती आज खाजगी मालमत्ता असल्याने फाटकापर्यंतच पोहोचता येते, आणि मोठमोठ्या राजवाड्यांकडे धावणाऱ्या प्रवाशांपैकी तिथे थांबणारे फारसे कोणी नाही. याच वाडीत हिंदुस्थानातून आणलेला एक संस्कृत शिलालेख होता. तो मूळचा सोमनाथचा. वाघेला राजा सारंगदेव याच्या काळचा, विक्रम संवत १३४३, म्हणजे इ. स. १२८७ चा. ब्यूलर या पंडिताने तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केला, आणि अभ्यासकांत तो ‘सिंत्रा प्रशस्ति’ याच नावाने ओळखला जातो. लेखाचा विषय मोठा मनोवेधक आहे. त्रिपुरांतक नावाच्या एका पाशुपत साधूने केदार, प्रयागापासून रामेश्वरापर्यंत तीर्थाटन केले आणि अखेर सोमनाथी स्थिर होऊन देवळे बांधली, त्याचे ते वर्णन. ज्याने सारा भारत पायी पालथा घातला त्याच्या यात्रेची शिळा पुढे अर्ध्या जगाला वळसा घालून अटलांटिकच्या काठी जाऊन पडली, याला काय म्हणावे?

काश्त्रू पुढे व्हाइसरॉय झाला, १५४६ मध्ये दीवचा वेढा त्याने मोडला, आणि पडलेला कोट पुन्हा बांधण्यासाठी पैसे हवेत म्हणून गोव्याच्या नगरसभेकडे आपल्या दाढीचे केस तारण ठेवले, ही कथा प्रत्येक पोर्तुगीज मुलाला ठाऊक असते. १५४८ साली तो गोव्यातच वारला. त्याच्या चरित्रकाराने सतराव्या शतकात असेही लिहून ठेवले आहे, की आपल्या सेवेच्या बदल्यात जमिनीकडूनही काही घेऊ नये या विरक्तीने त्याने सिंत्र्याच्या वाडीतील फळझाडे तोडून त्यांच्या जागी रानझाडे लावली. रत्नागिरीतल्या एखाद्या बागाईतदाराला ही गोष्ट सांगून पाहावी. हापूस कलमाच्या मोहरावर तुडतुडा पडला तर ज्याची रात्रीची झोप उडते, त्याला ही विरक्ती निखालस वेडेपणाची वाटेल. आणि मला विचाराल तर मीही त्याच्याच बाजूचा.

आता मासळीकडे वळू. लिस्बनच्या नदीपल्याड कोश्ता द कापारिका म्हणून लांबच लांब पुळण आहे, आणि उत्तरेकडे मीरा, तोरैरा अशी गावे आहेत, जिथे ‘शावेगा’ नावाची मासेमारी अजून चालते. ती पाहताच रापणीच्या गावचा माणूस जागच्या जागी खिळून राहील. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी लाटा फोडीत समुद्रात जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडीत परत किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही दोर एकाच वेळी ओढले जातात. होडीचा तळ सपाट आणि नाळ चंद्रकोरीसारखी उंच उचललेली, कारण अटलांटिकची लाट मालवण-रत्नागिरीच्या लाटेपेक्षा पुष्कळ दांडगी. पूर्वी हे दोर ओढण्यास बैलांच्या जोड्या जुंपत, आता ट्रॅक्टर जुंपतात. आमच्याकडे माणसेच दोराला लागतात आणि ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा ठरतो.

नाझारे हे त्या किनाऱ्यावरचे नामांकित कोळीगाव. अलीकडे त्याची कीर्ती निराळ्याच कारणाने पसरली आहे : गावासमोरच सुमारे ५ किलोमीटर खोलीपर्यंत उतरत जाणारी सागरी दरी आहे, तिच्यामुळे हिवाळी वादळांत लाटा प्रचंड उंच उठतात, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये एका जर्मन तरुणाने तेथे २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर फळी घालून विक्रम केला. ते पाहण्यास झुंडी लोटतात. माझा पाय मात्र अडला तो पुळणीवर लाकडी चौकटींना ताणलेल्या जाळ्यांपाशी, जिथे बायका चिरून सपाट केलेली मासळी उन्हात मांडीत होत्या. वेष वेगळा, भाषा वेगळी, पण मासळीवर येणाऱ्या पक्ष्याला हाकलण्याची आणि गिऱ्हाइकाने भाव पाडताच मान फिरविण्याची रीत अगदी आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराची.

तिथला लिलाव मात्र मिरकरवाड्यासारखा नाही. किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीची पहिली विक्री सरकारी व्यवस्थेच्या लिलावगृहात व्हावी लागते. तिथे बोली चढत नाही, उतरते : फलकावर भाव मोठा लागतो, तो क्षणाक्षणाला खाली येतो, आणि ज्याने आधी कळ दाबली त्याला माल मिळतो. सारे काही निःशब्द. आमच्या धक्क्यावरचा गलबला, हातवारे, उधारीच्या शपथा, यांपुढे ते फारच अळणी वाटते, हे कबूल केले पाहिजे. पण त्या अळणीपणातून एक गोष्ट निपजते : प्रत्येक टोपलीचे वजन, जात आणि बोटीचे नाव कागदावर चढते.

त्या कागदाचे मोल सार्डिनच्या प्रकरणात कळले. सार्डिन, म्हणजे आमच्या तारलीची अटलांटिक बहीण, हे पोर्तुगालचे खरे राष्ट्रीय अन्न. उन्हाळ्यात तिथे किनाऱ्याला समांतर उत्तरेचा वारा वाहतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि त्याची जागा घेण्यास तळाचे थंड, सकस पाणी वर येते. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांच्यावर सार्डिन. (आपल्याकडे पावसाळी वाऱ्याने केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर असेच घडते आणि तारलीचे थवे माजतात, ऐन ऑगस्टात पोर्तुगालच्या समुद्रात पाय घातला तर तो झटकन मागे का घ्यावा लागतो त्याचेही हेच कारण.) गेल्या दशकात हा मासा इतका घटला, की २०१७ आणि २०१८ साली आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने पुढील वर्षी तो अजिबात पकडू नये असा सल्ला दिला. पोर्तुगाल आणि स्पेन यांच्या सरकारांनी पूर्ण बंदी काही घातली नाही, पण दोघांनी मिळून मर्यादा कडक केल्या, महिने बांधून दिले, आणि मच्छीमारांनी कुरकुरत का होईना त्या पाळल्या. काही वर्षांत मासा पुन्हा वाढला. मर्यादा घालणे शक्य झाले याचे कारण एकूण पकड किती हे सर्वांना मान्य अशा वहीत लिहिलेले होते. आकडा खोटा आहे असे म्हणून कोणाला उठून जाता आले नाही.

आमच्याकडे पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांचे मालक यांच्यात जो कज्जा वर्षानुवर्षे चालला, त्यात डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाचा निर्बंधांचा हुकूम निघाला, आणि तरीही वाद मिटला नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे अंदाज नमुन्यांवरून, मोठ्या कौशल्याने काढलेले असतात. पण लहानसहान बंदरांच्या प्रत्येक पुळणीवर उतरलेली टोपली टोपलीगणिक मांडणारी वही आपल्याकडे नाही. मग रापणकर म्हणतो मासा संपला, पर्ससीनवाला म्हणतो मासा खोलात गेला, आणि दोघांनाही खोटे पाडण्यास कागद नसतो.

बाकीचा देश मी घाईनेच पाहिला. बुचाची झाडे तेवढी लक्षात राहिली : जगातील जवळपास निम्मे बूच हा चिमुकला देश पुरवितो, झाडाची साल नऊ वर्षांनी एकदा सोलतात आणि सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा उघड्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात. पुढच्या पिढीतल्या माणसालाही मोजता यावे म्हणून झाडावरच लिहिलेले ते दप्तर. माणसांविषयी सांगायचे तर गोव्याची आठवण तिथे अजून ताजी आहे, आणि २०१५ पासून आठ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधानपदी असलेले आंतोनिऊ कोश्ता यांचे वडील मडगावच्या घराण्यातले होते, हे टॅक्सीवाल्यापासून ग्रंथपालापर्यंत प्रत्येकजण हिंदी माणसाला आवर्जून सांगतो. १९६१ च्या गोवामुक्तीचा विषय मात्र कोणी आपणहून काढीत नाही.

जाणाऱ्याने केव्हा जावे, असे मला पुष्कळजण विचारतात. प्रवासी-कचेऱ्या वसंत ऋतू सुचवितात. मी रत्नागिरीकराला जून सुचवीन. १ जूनपासून आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद होते, बाजारात बर्फातले काहीबाही येते, आणि मासेखाऊ घरांत सुक्या बोंबलांची कुजबूज सुरू होते; त्याच सुमारास, १२ जूनच्या रात्री, संत आंतोनियोच्या उत्सवात लिस्बनच्या आल्फामा भागातील प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर सार्डिन भाजल्या जात असतात. भाजलेला मासा पावाच्या जाड चकतीवर ठेवून हाताने खावयाचा. चरबी पावात मुरते, आणि मासे संपल्यावर तो पावच सर्वांत रुचकर लागतो. ज्यांनी अमेरिकेतील मिरची आपल्या किनाऱ्यावर आणून पोहोचविली, ते या माशाला मात्र जाड्या मिठाखेरीज काही लावीत नाहीत, तेव्हा तिखटाची पुडी ज्याची त्याने बरोबर न्यावी.